घडीचा चाकू: कमान तुटली, पातं वाकलं, कमान सपाट बसेना

कानस_नागपूर:
लॉक नसलेला, नुसत्या कमानीच्या (मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगपट्टीच्या) दाबावर उघडा-मिटलेला राहणारा चाकू करतोय. पातं ७५ मिमी लांब, ३ मिमी जाड, एन-३१ (बेअरिंगच्या पोलादाचं). कमानही त्याच पट्टीतून कापली. आतल्या पट्ट्या १ मिमी पितळेच्या, मूठ शिसवाची. दोन्ही तुकडे कोळशाच्या भट्टीत लाल करून तेलात विझवले, मग ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) २०० अंश सेल्सिअसवर दोन-दोन तास, दोनदा टेम्पर केले (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवले). पातं मधोमध जवळपास १ मिमी वाकलं. तात्पुरत्या पिना घालून जोडणी करून पाहिली, तर चाकू उघडताना कमान मधल्या पिनच्या भोकातून तुटली. तुटण्याआधी चाकू उघडा आणि मिटलेला असताना कमान मुठीच्या पाठीशी सपाट होती, पण अर्धा उघडल्यावर ०.३ मिमी वर यायची. पातं आडवंही हलतं. सगळं नव्याने करायचं की पातं वाचेल?

पोलाद_भट्टी:
कमान तुटणारच होती भाऊ. २०० अंशावर टेम्पर केलेलं एन-३१ साधारण ६० रॉकवेल (कडकपणाचं माप) राहतं. धारेला ते उत्तम, पण कमानीला ४५ ते ४८ हवं. नवी कमान ट्रकच्या जुन्या पाट्यातून (लीफ स्प्रिंगमधून) काढा, पण गंजाचे खड्डे नसलेली जागा निवडा. पाटा बहुधा एन-४५ या स्प्रिंग-पोलादाचा असतो. त्याला ४३० ते ४५० अंशांचा टेम्पर लागतो आणि ओटीजी तिथवर जात नाही. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्यायची असेल तर पोलादाची जात आणि हवा तो रॉकवेल आकडा कागदावर लिहून द्या. ‘स्प्रिंगसारखं करा’ एवढंच सांगाल तर काय हाती येईल सांगता येत नाही.

कानशीचे आडवे ओरखडे कमानीवर ठेवू नका, तडा तिथूनच सुरू होतो. शेवटचा ४०० नंबरचा पेपर लांबीच्या दिशेनेच फिरवा आणि भोकाच्या दोन्ही बाजूंच्या धारदार कडा किंचित घासून गोल करा. मधल्या पिनपासून टोकाकडे कमान हळूहळू पातळ होत गेली पाहिजे. सुरुवातीचा ताण (जोडताना कमान जितकी वाकवावी लागते तो) १ ते १.५ मिमी पुरे. जास्त दिलात तर नख मोडेल, चाकू उघडणार नाही.

इतवारी_लेथ:
पातं वाचेल, पण थंड पात्यावर हातोडा मारू नका, तुटेल. जाड लोखंडी पट्टीवर पातं फुगवटा वर करून ठेवा, दोन्ही टोकांखाली छोटे आधार द्या आणि मधोमध क्लॅम्पने दाबून उलट बाजूला १ ते १.५ मिमी वाकवा. तसंच २०० ते २१० अंशांवर दोन तास. सुटल्यावर मोजा, लागलं तर पुन्हा.

त्याआधी वरची कातडी घासून कानस लावून बघा. कोळशात पृष्ठभागाचा कार्बन जळतो, त्यामुळे वरचा थर मऊ लागतो आणि आतलं कळत नाही. कानस घसरली तर ठीक. रुतली तर पुन्हा पाणी द्यावं, म्हणजे लाल करून तेलात विझवावं लागेल. एन-३१ ला ८१५ ते ८४० अंश आणि त्या तापमानावर काही मिनिटं मुक्काम लागतो. पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं ते साधारण ७७० ला, म्हणजे तिथे थांबलात तर कमीच. दुपारच्या उन्हात लाल रंग फसवतो, म्हणून दिवेलागणीला काम करा. तेल ५० ते ६० अंशांचं असावं (मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ते तसंही बरंच तापलेलं असतं) आणि पातं सरळ टोकावर बुडवा. बाजूला हलवलंत तर वाकतं. धारेची कड ०.६ मिमीहून पातळ करून विझवली तरी वाकतं.

कानस_नागपूर:
धन्यवाद दादा. कानस घसरते, म्हणजे पातं कडक आहे. ०.३ मिमीचं काय करू?

इतवारी_लेथ:
कमान जिथे वर येते, तिथे बुडाची (पात्याच्या पिनकडच्या, कमानीला टेकणाऱ्या भागाची) ती बाजू पिनच्या मध्यापासून लांब आहे. तुमच्या बाबतीत अर्ध्या स्थितीत टेकणारी, म्हणजे बुडाच्या टोकाची बाजू. कडक पात्यावर कानस चालणार नाही. डायमंड फाइल किंवा तेलदगड घ्या, एका वेळी ०.०५ मिमी काढा आणि दर वेळी जोडून बघा. उलट, कमान एखाद्या स्थितीत खाली बसत असती तर तिथे धातू वाढवता येत नाही. बाकी दोन बाजू उतरवून तिघी जुळवाव्या लागल्या असत्या. मिटल्यावर कमानीला टेकणाऱ्या पात्याच्या टाचेला हात लावू नका. ती कमी झाली की धार आत कमानीवर आपटते. तिथे १ मिमी मोकळं हवं.

पातं हलतं ते भोकामुळे. नुसत्या ड्रिलने भोक नेमकं गोल पडत नाही, २.९ ने पाडून ३ मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) विझवण्याआधीच फिरवायचा असतो. आता भोक पितळी सळई आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने गोल करा आणि त्या मापाची पिन लेथवर काढून घ्या. ठोकताना पात्याच्या दोन्ही बाजूंना ०.०५ मिमी शिम (पातळ पत्रा) ठेवा, पिन दोन्हीकडे पाऊण मिमी बाहेर सोडा, हलके ठोके द्या, मग शिम ओढून काढा.

शिसव_साग:
उघडा, अर्धा आणि मिटलेला या तिन्ही स्थिती जुळल्याशिवाय मूठ चिकटवू नका. लाकूड निदान एक पावसाळा घरात मुरलेलं घ्या, नाहीतर उन्हाळ्यात आक्रसून पिनांपाशी चिरतं. साग वापरलात तर इपॉक्सीआधी अ‍ॅसिटोनने पुसा, त्याचं तेल सांधा धरू देत नाही.