शांततेचा मुचलका: न्यायाधीशाने मागावा की पोलिसाने?

रामबागकर
अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) जवळ आल्या की इंदूरच्या ठाण्यांत बाउंड ओव्हरच्या, म्हणजे ज्यांच्याकडून शांतता राखण्याचा मुचलका (पैशांच्या बोलीवरची लेखी हमी) घ्यायचा त्यांच्या, याद्या तयार होऊ लागतात. डिसेंबर 2021 मध्ये शहरात पोलिस कमिशनर व्यवस्था आली आणि शांततेचा मुचलका मागण्याचा अधिकार एसडीएमकडून (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून) पोलिस अधिकाऱ्यांकडे गेला. माझ्या मते हे आपण इंग्रजांच्याही मागे गेलो.

1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 107 खाली भांडण होईल अशा संशयावरून एक वर्षापर्यंत मुचलका घेता येई. 109 पोटापाण्याचं साधन न सांगता येणाऱ्यांसाठी, 110 सराईत गुन्हेगारांसाठी, आणि 110 मध्ये मुदत तीन वर्षांपर्यंत. नवा गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती. जामीनदार मिळाला नाही तर सरळ तुरुंग. 110 च्या चौकशीत तर माणूस सराईत आहे हे त्याच्या लौकिकावरून सिद्ध करता येई. चार जण उभे राहून 'याचं नाव गावात वाईट आहे' म्हणाले, तरी तो पुरावा धरला जाई. आणि ऐकायला कोण बसलेला? जिल्हा मॅजिस्ट्रेट, ज्याच्या देखरेखीखाली 1861 च्या पोलिस कायद्याने जिल्ह्याचे पोलिसच दिलेले होते. तरी निदान वर्दी घातलेला माणूस आणि खुर्चीतला माणूस वेगळे होते. आज तेवढंही अंतर उरलं नाही.

निवृत्त तहसीलदार
रामबागकर, तुम्ही कलमं वाचलीत, पण शेताचा बांध पाहिलेला दिसत नाही. मी कार्यपालक दंडाधिकारी (न्यायालयाचा नव्हे, प्रशासनाचा मॅजिस्ट्रेट) म्हणून अशी प्रकरणं चालवली आहेत. सांवेरकडचे दोन सख्खे भाऊ, बांधावरून वाद, पेरणी तोंडावर, दोन्हीकडे लाठ्या तयार. ठाण्यातून इस्तगासा (पोलिसांची लेखी तक्रार) आला. दोघांना समोर उभं केलं, मुचलक्यावर सह्या घेतल्या. पेरणी पार पडली, हद्दीचा दावा दिवाणी कोर्टात गेला. कुणाचं डोकं फुटलं नाही. हे हत्यार नसतं तर मी काय करायचं होतं? एकाचा खून पडेपर्यंत थांबायचं?

आणि इंग्रजांचा कायदा अगदीच मोकाट नव्हता. संशय कशावरून, रक्कम किती, मुदत किती, जामीनदार किती, हे सगळं लेखी हुकमात द्यावं लागे. रक्कम माणसाच्या ऐपतीला धरून असावी, अवाच्या सवा नसावी, असं कलमातच होतं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा जामीन कुणी देऊ शकला नाही तर कागद सेशन्स कोर्टापुढे जात.

सुदामानगर
तहसीलदारसाहेब, ऐपतीचंच बोलू. 1916 साली बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूल भाषणांवरून लोकमान्य टिळकांना कलम 108 ची (राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याच्या कलमाची) नोटीस आली. ऐन साठाव्या वाढदिवशी, 23 जुलैला. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी 10,000 चे दोन जामीनदार मागितले. त्या काळचे वीस हजार!

निवृत्त तहसीलदार
आणि त्याच नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला, हेही सांगा की. बॅचलर आणि शाह या दोन न्यायमूर्तींनी. म्हणजे व्यवस्थेत दुरुस्तीची वाट होती.

सुदामानगर
वाट होती, पण ती टिळकांना. त्यांच्या बाजूने जिना उभे होते. 109 मध्ये उचललेल्या पारध्याच्या बाजूने कोण उभं राहणार होतं? त्याला पाच रुपयांचा जामीनदार मिळणं कठीण. गावातला इज्जतदार माणूस त्याची हमी घेणार नाही, आणि दुसऱ्या कुणी घेतली तर मॅजिस्ट्रेट 'हा जामीनदार लायक नाही' म्हणून नाकारू शके. मुचलका श्रीमंताला एका सहीत सुटे आणि गरिबाला आत पाठवी. माझा राग या गोष्टीवर आहे.

छावणीकर
थोडं मधे बोलतो. इंदूर शहर होळकरांचं, इथली न्यायालयं दरबारची. इंग्रजी मॅजिस्ट्रेटचा अनुभव आपल्याकडे यायचा तो महूच्या छावणीतून आणि रेसिडेन्सीच्या (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्याच्या) हद्दीतून. तेव्हा सगळं एका तराजूत घालू नका.

दुसरं, तुम्ही सगळे मुचलक्यावर अडून बसलात. रोजचा माणूस भरडला जायचा तो किरकोळ गुन्ह्यांत. तिसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट एक महिना कैद आणि 50 रुपये दंड करू शके, दुसऱ्या वर्गाचा सहा महिने आणि 200. त्याशिवाय संक्षिप्त खटले. त्यांत तीन महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि जिथे अपील नाही तिथे साक्ष लिहून ठेवायचीही सक्ती नाही. नोंदवहीत एक ओळ: नाव, गुन्हा, कबुली की नाकबुली, निकाल. पुढे कुणाला विचारायचं झालं तर विचारणार कशावरून? टिळकांच्या खटल्याची पानंच्या पानं आहेत. रस्त्यात गाडा लावला म्हणून दंड झालेल्या माणसाची ती एक ओळ.

निवृत्त तहसीलदार
छावणीकर, हे मान्य. पण त्या गाडेवाल्याला चार तारखा दिल्या असत्या तर चार दिवसांची मजुरी बुडाली असती. झटपट निकाल त्यालाही हवाच असतो.

कायद्याची विद्यार्थिनी
काका, झटपट हवा म्हणून कागद नको असं होत नाही ना. बांधावरच्या प्रकरणात तुम्ही दोघांना बोलावलंत, ऐकलंत, ते तुमचं चांगलंच. पण कायदा चांगल्या अधिकाऱ्याच्या भरवशावर लिहीत नाहीत.

स्वतंत्र भारताने काय केलं तेही बघा. 1970 मध्ये समाजवादी नेते मधु लिमये यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम 107 वैध ठरवलं, पण चौकशी सुरू न करताच हंगामी मुचलका मागता येणार नाही असं बजावलं. 1973 च्या संहितेने चौकशीला सहा महिन्यांची मर्यादा घातली आणि 108 ते 110 न्यायिक मॅजिस्ट्रेटकडे दिली. सात वर्षांत, 1980 च्या दुरुस्तीने, ती पुन्हा कार्यपालक दंडाधिकाऱ्याकडे आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत 107 चं 126 झालं आणि 110 चं 129. लौकिकावरून पुरावा धरण्याची तरतूद अजून तिथेच आहे, कलम 135 मध्ये.

निवृत्त तहसीलदार
मग तोडगा काय? मुचलकाच रद्द?

रामबागकर
नाही. भावाभावांच्या बांधासाठी 126 राहू द्या. पण ज्या ठाण्याने इस्तगासा पाठवला त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने सुनावणी घेऊ नये. मुचलका मोडला म्हणून आत टाकायचं असेल तर ते न्यायिक मॅजिस्ट्रेटने, वकील देऊन करावं. आणि लौकिकावरचा पुरावा काढून टाका.

निवृत्त तहसीलदार
पहिल्या दोन गोष्टींवर मी तुमच्याबरोबर सही करीन. तिसरीवर नाही. वस्तीतल्या गुंडाविरुद्ध घटनेची साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही, हे मी खुर्चीत बसून पाहिलं आहे.

सुदामानगर
साक्षीदाराला संरक्षण द्या, साहेब. त्याची भीती घालवता येत नाही म्हणून दुसऱ्या माणसाला ऐकीव गोष्टीवर आत टाकणं मला पटत नाही.