मदत हवी आहे: डिस्को पार्टीचे दिवे हॉलमध्ये दिसतच नाहीत

स्वराची_आई
शनिवारी लेकीच्या वाढदिवसाची डिस्को पार्टी आहे आणि मी पार अडकले आहे. ऑनलाइन मागवलेले दोन डिस्को दिवे काल हॉलमध्ये लावून पाहिले, भिंतीवर काहीसुद्धा उमटत नाही. घरी बाथरूममध्ये लावले तेव्हा किती छान दिसत होते! मुलीने वर्गभर सांगून ठेवलंय. दिवे परत करून मोठे घेऊ का? की डीजेवाल्यालाच बोलवू? तो मागतोय तेवढ्यात अख्खी पार्टी होईल. लवकर सांगा, परत करायची मुदत उद्या संपतेय.

तबकडी
कोणते दिवे, किती वॅटचे? हॉल केवढा? खिडक्या किती? पार्टी किती वाजता?

स्वराची_आई
सोसायटीचा हॉल आहे, नेहमी असतो तसा. दिवे ते गोल फिरणारे. खोक्यावर नऊ वॅट लिहिलंय. वेळ संध्याकाळची.

सराफा_प्रेमी
खाण्याचं काय ठरवलंत ते लिहिलं नाही. इंदूरची पार्टी आहे, पिझ्झा-बर्गर ठेवू नका हो. भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस ठेवा, तळलेला गराडू कंद ठेवा, वर थंडगार शिकंजी. मुलं नाव काढतील.

रामबागकर
एप्रिलच्या शेवटी गराडू? तो थंडीतला. आणि नाचणाऱ्या मुलांना आपली दुधाची, सुकामेव्याची शिकंजी देऊ नका. दोन गाण्यांनंतर पोट धरून बसतील. कैरीचं पन्हं करा, मीठ जरा पुढे घालून.

स्वराची_आई
खाण्याचं सासूबाई बघतायत. प्लीज दिव्यांचं सांगा.

तबकडी
संध्याकाळ म्हणजे नक्की किती वाजता? बाथरूममध्ये दिसले आणि हॉलमध्ये दिसले नाहीत, म्हणजे दिव्यांत दोष नाही. हॉलमध्ये किती वाजता लावून पाहिलेत?

स्वराची_आई
पाच वाजता. पार्टीही पाच ते आठ आहे. आठनंतर सेक्रेटरी काका आवाज बंद करायला लावतात. हॉल तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला चार मोठ्या खिडक्या, पडदे नाहीत. मुलं चोवीस, सगळी दहा ते बारा वर्षांची.

तबकडी
हे आधी सांगायला हवं होतंत. या दिवसांत इंदूरला सूर्य सातला दहा कमी असताना मावळतो आणि सव्वासातपर्यंत बऱ्यापैकी उजेड असतो. तुमच्या दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन-तीन वॅटचे एलईडी असतील, आणि तो प्रकाशही भिंतभर ठिपक्यांत वाटला जातो. पश्चिमेच्या उन्हापुढे तो टिकणार कसा? याहून मोठा घेतलात तरी पाच वाजता फिकाच दिसेल. टेंट हाऊसमधून काळी कनात आणा आणि चारही खिडक्या झाका.

लाईटवाला_भिया
कनातीच्या भानगडीत पडू नका. महाराणी रोडवर विचारा, ५४ एलईडीचे पार लाईट, म्हणजे डब्यासारखे मोठ्या झोताचे रंगीत दिवे, भाड्याने मिळतात. चार कोपऱ्यांत चार लावा. सोबत एक स्ट्रोब, म्हणजे भराभर लखलखणारा दिवा, आणि खाली ड्राय आइसचा धूर. मुलं वेडी होतील. लग्नांत रोज लावतो आम्ही.

निरामय
स्ट्रोब अजिबात नको. मी मुलांच्या वॉर्डात नर्स होते. झगमगत्या प्रकाशाने फिट येण्याचा प्रकार लहान मुलांत आणि वयात येणाऱ्यांतच जास्त दिसतो. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा दिवा हा धोक्याचा टप्पा. आपल्या मुलाला असं होतं हे पहिली फिट येईपर्यंत घरच्यांना माहीतही नसतं. हळू फिरणारे रंग खुशाल लावा. लेझर मात्र मुलांच्या डोळ्यांवर जाईल असा लावू नका.

आणि ड्राय आइस म्हणजे उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. बंद हॉलमध्ये मोठ्यांच्या आधी लहानांच्या नाकाशी पोचतो. एखाद्याने खेळता खेळता तुकडा उचलला तर बोट भाजेल, तोंडात टाकला तर विचारूच नका.

लाईटवाला_भिया
वीस वर्षांत आमच्याकडे कुणाला काही झालं नाही.

निरामय
लग्नाचा लॉन मोकळा असतो. इथे तिसऱ्या मजल्यावरचा बंद हॉल आणि चोवीस मुलं आहेत. मला यात वाद घालायचा नाही, पण हे मी बोलणारच.

रामबागकर
कनातीने चारही खिडक्या झाकल्यात तर हवेचं काय? बाहेर चाळीस अंश. कूलरलाही हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर आत नुसती चिकचिक होते. दोन खिडक्या वरून हातभर उघड्या ठेवा.

अप्पा_लोकमान्यनगर
खरा डिस्को म्हणजे आरशांचा गोळा! प्लास्टिकच्या आतून लुकलुकणारा तो नव्हे. ऐंशीच्या दशकात, बप्पी लाहिरींची गाणी सगळीकडे वाजत होती तेव्हा आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगसाठी फुटक्या आरशाचे चौकोन कापून गोळ्यावर एकेक चिकटवले होते. तीन रात्री लागल्या. टांगून वर एकच झोत सोडला आणि सगळं सभागृह फिरायला लागलं! मिनिटाला एक-दोन फेऱ्या, त्याहून जोरात फिरवायचा नाही. झोत अरुंद हवा, पसरट दिवा मारलात तर ठिपके पुसट होतात. माझ्याकडे हातभर व्यासाचा एक आहे, मोटरसकट. हवा तर न्या.

तबकडी
अप्पा, गोळा सुंदरच. पण त्यालाही अंधार लागतोच.

बडोद्याची_मावशी
दिव्यांचं होईल हो सगळं. या वयाची मुलं नाचतील का, ते कुणी विचारलंच नाही. माझ्या नातवाच्या पार्टीला मुलगे एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला, मधली फरशी तासभर रिकामी. अकरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांत मोठी भीती कशाची, तर आपल्याकडे कुणीतरी बघेल याची. शेवटी मी सगळ्यांना घेरात उभं केलं आणि दोन टाळ्यांचा गरबा धरला. घेरात कुणी एकटं दिसत नाही, पुढच्याचं बघून पाय आपोआप पडतात. दोन फेऱ्यांनंतर लावा तुमचं डिस्को.

लाईटवाला_भिया
डिस्कोत गरबा? मुलं हसतील. त्यांना रील्सच्या स्टेप्स येतात, तेच करू द्या.

बडोद्याची_मावशी
रील्सच्या स्टेप्स चार जणांनाच येतात. उरलेले वीस बघत उभे राहतात.

मृदुला_एस
गाण्यांची यादी स्वतः करा, शब्द ऐकून. आपण ठेक्यावर डोलत असतो आणि मुलं ओळन् ओळ पाठ म्हणतात. आधी संथ, मग मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासची घ्या, डिस्कोची चाल साधारण तीच. सलग तीन गाण्यांनंतर पाण्यासाठी थांबा. आवाजही बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा दिली आहे आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. स्पीकरला चिकटून कुणाला उभं राहू देऊ नका.

ओला_सुका
थर्माकोलची सजावट आणि प्लास्टिकच्या काडीवरचे फुगे घेऊ नका, दोन्हींवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पन्ह्याचे पेलेही स्टीलचे ठेवा. हॉलमध्ये ओल्या-सुक्याचे डबे वेगळे हवेत, ते वाढदिवसाच्या मुलीला सांभाळायला द्या.

रामबागकर
मला वाटतं कनात, पार लाईट काहीच नको. क्रम उलटा करा. सहाला बोलवा. उजेडात केक आणि पेपर डान्स (जोडीने कागदावर उभं राहून नाचायचं), म्युझिक स्टॅच्यू असले खेळ. सव्वासातला दिवे बंद करून डिस्को. लाउडस्पीकरवर कायद्याची बंदी रात्री दहा ते सकाळी सहा अशी आहे. आठची अट सोसायटीची, तर एका दिवसापुरते साडेआठ मागा. काका इतके कठोर नसतात.

तबकडी
हे माझ्या कनातीपेक्षा बरं. पार्किंगचा फ्लडलाईट आत येत असेल तर तेवढ्या खिडकीला गडद चादर लावा.

स्वराची_आई
काका साडेआठला तयार झाले, आवाज कमी ठेवायच्या अटीवर! दिवे परत करत नाही. अप्पा, संध्याकाळी गोळा न्यायला येते.

स्वराची_आई
काल झाली पार्टी. पेपर डान्सला मुलगे आधी कागदावर पायच ठेवेनात. मग स्वराच्या बाबांनी आणि सासूबाईंनी जोडी लावली आणि सगळी धावली. सव्वासातला दिवे बंद केले. गोळ्यावर यांनी मोठ्या टॉर्चचा झोत धरला आणि छतभर ठिपके फिरायला लागले तसा मुलांनी जो ओरडा केला तो खालपर्यंत गेला. मावशी, मी घेर धरला. हसली मुलं, पण तिसऱ्या फेरीला चोवीसच्या चोवीस त्यात होती. पन्हं संपलं, दुसऱ्यांदा करावं लागलं. अप्पा, गोळ्याचा एक चौकोन सुटलाय, चिकटवूनच आणून देते. कोणता गोंद लावू?

अप्पा_लोकमान्यनगर
गोंद राहू दे. तसाच आण, आणि स्वरालाही घेऊन ये. तिला चिकटवायला शिकवतो.