मदत हवी आहे: सेंद्रिय चिकणमातीचं दुय्यम खचणं किती धरायचं?

नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याजवळच्या एका कामाचे नमुने इथे नाशिकला तपासतोय. तीन मीटरवर काळी, मऊ चिकणमाती आहे. ट्यूबमधून काढली की कुजलेल्या पाल्याचा वास येतो, मुळांचे तंतू दिसतात.

आयएस २७२० भाग १५ (भारतीय मानक) प्रमाणे कन्सॉलिडेशन टेस्ट लावली, म्हणजे टप्प्याटप्प्याने भार वाढवत नमुना किती दबतो ते मोजतोय. २०० केपीए (किलोपास्कल) दाबाच्या टप्प्यात २४ तास झाले तरी डायल गेजचा काटा काही थांबत नाही. पोअर प्रेशर (मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब) उतरल्यावरही चालू राहणारं हे दुय्यम खचणं, सेंद्रिय मातीत जास्तच, एवढं कळतं.

घोळ सेंद्रिय भागाच्या प्रमाणाचा आहे. भट्टीत ४४० अंशांवर जाळून ११ टक्के, डायक्रोमेटच्या रासायनिक पद्धतीने ५. मॉन्टमोरिलोनाइट (चिकणमातीतलं फुगणारं खनिज) तापल्यावर स्वतःचं पाणी सोडतं, त्यामुळे पहिला आकडा फुगलाय असं मला वाटतं. पण ओव्हनमध्ये वाळवल्यावर लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं टक्के प्रमाण) ७८ वरून ५५ वर आली, म्हणजे माती सेंद्रिय नक्कीच. (ओलावा ६० अंशांवरच काढलाय, १०५ वर नाही, सेंद्रिय भाग जळू नये म्हणून.)

चांगले नमुने दोनच उरलेत, मशीन एकच, आणि मालक पुन्हा बोअर मारू देणार नाही.

सी-अल्फा (दुय्यम खचण्याचा गुणांक) आणि सीसी (दबण्याचा निर्देशांक) यांचं गुणोत्तर सेंद्रिय चिकणमातीचं नेहमीचं ०.०५ धरून चालेल, की एक नमुना शेवटच्या टप्प्यावर आठवडाभर ठेवून स्वतः मोजू?