सेवेच्या तासांना मोबदला असावा का?

ऐरोलीकर: २००८ च्या निवडणूक प्रचारात बराक ओबामा यांनी राष्ट्रसेवेचे आवाहन करताना अमेरिकॉर्प्स या सरकारी स्वयंसेवा कार्यक्रमातील जागा ७५ हजारांवरून अडीच लाखांवर नेण्याचा, तसेच वर्षाला १०० तास समाजसेवा करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिक्षणखर्चासाठी ४ हजार डॉलरची करसवलत देण्याचा प्रस्ताव मांडला होता. आपल्याकडे असे काही योग्य ठरेल का?

कोपरीकर: आपली राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून, म्हणजे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षापासून आहेच, तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर अपेक्षित असते. मोबदल्याला माझी हरकत नाही, कामे उरकण्याच्या पद्धतीला आहे. ठाणे खाडीच्या काठी तिवरांच्या मुळांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी ओढली की निम्मी हातात येते आणि निम्मी चिखलात राहते. हे काम एका सकाळी छायाचित्र काढून संपत नाही, ओहोटीच्या वेळा पाहून वर्षभर करावे लागते.

कळवेकर: सहमत. जॉन केनेडी यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार असताना, ऑक्टोबर १९६० मध्ये, मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांना परदेशात सेवा करण्याविषयी विचारले आणि १९६१ मध्ये पीस कोअर ही परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारी संस्था स्थापन झाली. तिचे स्वयंसेवक साधारण दोन वर्षे तिथल्या लोकांमध्ये राहून काम करतात. हा सलगपणा मला अधिक मोलाचा वाटतो.

ऐरोलीकर: मात्र ज्या मुलांना कॉलेज सांभाळून नोकरी करावी लागते, त्यांच्याकडून फुकट श्रमांची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्यांना तरी फीमध्ये सवलत मिळालीच पाहिजे.