पहिली नोकरी लागणाऱ्या मुलामुलींना चार रविवारांत काय शिकवावं?

अभ्यासिका_ऐरोली

नमस्कार मंडळी. ऐरोली, दिघा आणि विटावा भागातल्या मुलामुलींसाठी आमच्या अभ्यासिकेत पुढच्या महिन्यात चार रविवार, दोन-दोन तासांचे वर्ग ठेवले आहेत. वय १८ ते २१. निम्मी आयटीआयची, फिटर आणि इलेक्ट्रिशियन. बाकीची बारावी किंवा बी.कॉम. झालेली. बहुतेकांना रबाळे-महापे एमआयडीसी, वागळे इस्टेट नाहीतर माइंडस्पेसमधल्या एखाद्या बॅक ऑफिसात १५ ते २० हजारांची नोकरी मिळेल असा अंदाज.

'बचत करा, खर्च लिहून ठेवा' हे ऐकून मुलं कंटाळलेली आहेत. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात कुठे अडतं आणि पैसे कुठे गळतात, तेवढंच घ्यायचं आहे. पगारातली कपात, कागदपत्रं, लोन अ‍ॅप हे विषय डोक्यात आहेत. क्रम काय ठेवू? काय राहून जातंय?

पगारपत्रक

पहिला रविवार फक्त नावासाठी ठेवा. थट्टा नाही, खरंच सांगतोय.

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं, बँकेत नुसतं आद्याक्षर. दीपकच्या स्पेलिंगमध्ये एकीकडे डबल ई, दुसरीकडे नुसता आय. जॉइन होताना हे कुणी बघत नाही. पीएफचं (भविष्य निर्वाह निधी) केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, अडकतं, पैसे काढायच्या किंवा ट्रान्सफर करायच्या वेळी क्लेम परत येतो, तेव्हा कळतं. म्हणून प्रत्येकाला मार्कशीट, आधार, पॅन आणि पासबुक घेऊन बोलवा. चारही ठिकाणचं नाव आणि जन्मतारीख एकाखाली एक, जशी छापली आहे तशीच लिहायला लावा. वर्गात निम्म्यांचं तरी जुळणार नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. दहावीचा कागद पाया धरायचा, त्याप्रमाणे आधार, मग पॅन, शेवटी बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यामुळे घाईत अर्धवट दुरुस्ती करून एक संधी वाया घालवू नये. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का, हेही बघा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर, आता सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. नंबर बंद असेल तर गाडी तिथेच अडते.

दुसरा रविवार पगाराच्या स्लिपचा. फळ्यावर हा एकच हिशेब सोडवा. सीटीसी (कंपनीला मुलावर येणारा एकूण खर्च) वर्षाला २,४०,०००, म्हणजे महिना २०,०००. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १०,००० धरा. या २० हजारांत कंपनीचा पीएफ १,२००, कंपनीचा ईएसआय (कामगार राज्य विमा) ५७७ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४८१ आधीच धरलेली असते. ती काढली की ग्रॉस (कपातीआधीचा पगार) उरतो १७,७४२. त्यातून मुलाचा पीएफ १२ टक्क्यांनी १,२००, ईएसआय ०.७५ टक्क्यांनी १३४ आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा करा. हातात १६,२०८.

मुलींना महिना २५ हजारांपर्यंत महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यामुळे तिच्या हातात १६,४०८ यायला हवेत. छोट्या कंपन्यांत सरसकट २०० कापलेले दिसतात, तर मुलींना हे ठणकावून सांगा. फेब्रुवारीत मुलांचे २०० चे ३०० होतात, वर्षाचे २,५०० पुरे करायला. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात असते. ती चोरी नव्हे.

आणखी एक घोळ. कंपनीच्या १,२०० पैकी ८३३ पेन्शन योजनेत जातात, पीएफला फक्त ३६७. पासबुकात दरमहा स्वतःचे १,२०० आणि कंपनीचे ३६७ असे १,५६७ दिसतात. 'कंपनीने आमचे पैसे खाल्ले' ही तक्रार इथूनच सुरू होते.

जुना_निदेशक

वरचा हिशेब उत्तम, पण आयटीआयच्या मुलांचं अर्धं गणित त्याच्या बाहेर आहे. ती आधी अ‍ॅप्रेंटिस लागतात किंवा लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून आत जातात.

अ‍ॅप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या कायद्याखालचा करार, सरकारी पोर्टलवर नोंदवलेला. विद्यावेतन मिळतं, पीएफ आणि ईएसआय लागू नाही, म्हणून कपातही नाही. कराराची प्रत आणि नोंदणी क्रमांक मागायचाच. काही ठिकाणी तोंडी 'अ‍ॅप्रेंटिस' म्हणतात आणि पूर्ण उत्पादनाचं काम करून घेतात. नोंदणी नसेल तर शेवटी परीक्षा नाही, राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रमाणपत्रही नाही, आणि ते वर्ष पुढच्या नोकरीत कुठेच मोजलं जात नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन ठरलं होतं. तेही प्रशिक्षणच, नोकरी नव्हे. मुलं दोन्हींत गल्लत करतात.

कॉन्ट्रॅक्टरकडून लागलेल्यांनी पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी विचाराव्यात: आपली नोंद कुणाच्या नावावर आहे, यूएएन कोणता, ईएसआयचा नंबर कोणता. ग्रॉस २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयची नोंद हवी. मशीनवर बोट गेलं, तर संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. पण नंबरच काढलेला नसेल तर वाशीच्या किंवा वागळे इस्टेटच्या ईएसआय रुग्णालयात केसपेपर निघताना वादावादी होते. साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, मात्र त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. म्हणूनच हजेरी कमी दाखवली जात असेल तर गप्प बसू नये. कार्डावरचे दिवस आणि स्लिपवरचे दिवस दर महिन्याला ताडून बघावेत.

मूळ मार्कशीट कुणालाही ठेवायला द्यायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. नोकरी देण्यासाठी 'रजिस्ट्रेशन', 'युनिफॉर्म डिपॉझिट' म्हणून पैसे मागितले की तिथून उठायचं.

शिवाय पहिल्या दीड महिन्याचा खर्च कुणी धरतच नाही. हजेरी २० तारखेला बंद होत असेल आणि पोरगा २२ जूनला लागला, तर ते दिवस पुढच्या पगारात जातात आणि हातात पैसे ७ ऑगस्टच्या आसपास येतात. तोवर भाडं, डबा, सेफ्टी शूज हे सगळं घरून. ठाणे-पनवेल ट्रान्सहार्बरवर रोज तिकीट काढण्यात अर्थ नाही; तिमाही पास मासिकाच्या २.७ पट पडतो. पण प्रोबेशनमध्ये आधी मासिकच काढावा. नोकरी सुटली तर उरलेला पास फुकट.

काउंटर_तीन

बँकेच्या बाजूचं लिहितो. तिसरा रविवार खात्याचा, चौथा कर्जाचा करा.

आधार 'लिंक' आणि आधार 'सीडिंग' (सरकारी पैसे कोणत्या खात्यात यावेत याची नोंद) वेगळं. खात्याला आधार नंबर दिला म्हणजे सरकारी पैसे तिथेच येतात असं नाही. शेवटचं ज्या बँकेत सीडिंग झालं, त्या खात्यात येतात. कॉलेजात असताना स्कॉलरशिपसाठी एक खातं, मग नोकरीत कंपनीने दुसरं काढलं, आणि विद्यावेतन तिसऱ्याच जुन्या खात्यात जाऊन पडलं, हे नेहमीचं. यूआयडीएआयच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' प्रत्येकाला मोबाइलवर उघडायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे. नोकरी सुटल्यावर पगाराचं खातं साधं बचत खातं होतं आणि काही बँकांत किमान शिलकीचा दंड सुरू होतो. गरज नसेल तर बंद करा. नुसतं सोडून देऊ नका.

बचतीत फार योजना शिकवू नका. सोळा हजारांत पोस्टाची आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) पुरते; १०० रुपयांपासून निघते, पाच वर्षांची असते, हप्ता चुकला तर १०० मागे महिना १ रुपया दंड. एसआयपी (म्युच्युअल फंडातला मासिक हप्ता) किंवा बँकेतली आरडी असेल तर कापायची तारीख १ नव्हे, १० ठेवा. पगार ७ ला, हप्ता ५ ला, आणि खात्यात शंभर रुपये. मग बँक हप्ता परत गेल्याचे पैसे लावते, वर जीएसटी. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा पंतप्रधानांच्या योजनांतून मिळतो. मे अखेरीस आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक हवी.

क्रेडिट कार्डाचं एक उदाहरण पुरे. २०,००० थकले, व्याज महिना ३.५ टक्के, म्हणजे ७०० आणि त्यावर जीएसटी १२६. मिनिमम ड्यू (भरायची किमान रक्कम) १,००० भरला तर मूळ रकमेतून फक्त १७४ वळते झाले. हा आकडा बघून मुलं गप्प होतात, भाषणाची गरज उरत नाही.

लोन अ‍ॅपसाठी तपासायचं असं: कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) कोणती हे लिहिलेलं आहे का, कर्ज घेण्याआधी एकूण वार्षिक दर सांगणारं पत्रक मिळतं का, पैसे थेट स्वतःच्या खात्यात येतात का. फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागितले की अ‍ॅप काढून टाकायचं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची यादी आहे, ती वर्गातच उघडा.

आणि हे कोणत्याच पत्रकात नसतं म्हणून ठळक सांगा: खातं भाड्याने द्यायचं नाही. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, दोन हजार तुझे' अशी कामं टेलिग्रामवर 'पार्ट टाइम जॉब' म्हणून फिरतात. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. खातं गोठतं, पगारही त्यातच अडकतो, पोलिसांची नोटीस पोराच्या नावावर येते. फसलेलं लक्षात आलं की तासाभरात १९३० ला फोन.

पगारपत्रक

एक भर. बॅक ऑफिसची काही पत्रं 'कन्सल्टंट' म्हणून निघतात. पगाराऐवजी 'फी', पीएफ नाही, १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर). महिना १८ हजारांत १,८०० कापले जातात. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असल्याने रिटर्न भरला की हे पूर्ण परत मिळतात. न भरल्यास तसेच पडून राहतात. वर्षाचे २१,६०० रुपये आहेत, सोडायचे कशाला? फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारा) कसा बघायचा तेवढं दाखवा.

अभ्यासिका_ऐरोली

मनापासून आभार. नावांचा रविवार तर डोक्यातच नव्हता. एक अवघड प्रश्न: काही घरांत पगार झाला की एटीएम कार्ड आणि पिन वडिलांकडे. मुलींच्या बाबतीत जास्त. यावर वर्गात काही बोलावं का?

काउंटर_तीन

ताई, घरात कुणी काय करावं यावर बोलू नका, व्यवस्थेवर बोला. घराला ठरावीक रक्कम, समजा ६,०००, दर महिन्याच्या १० तारखेला आईच्या किंवा वडिलांच्या खात्यात आपोआप जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत एकदा देता येते. रक्कम वेळेवर येते, कार्ड मागायची वेळ कमी येते. आरडी मुलीच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी आई. खात्याला मोबाइल नंबर तिचाच हवा. घरच्यांचा नंबर असेल तर ओटीपी तिकडे जातो आणि उद्या यूएएन, रिटर्न, सगळ्यासाठीच तिला घरच्यांना विचारत बसावं लागतं. नंबर बदलायला ती स्वतः आधार घेऊन शाखेत गेली की अर्ज भरून होतं, वडिलांची सही लागत नाही. वय १८ पूर्ण असेल आणि खातं अजून 'मायनर' म्हणूनच चालू असेल, तर आधी ते बदलून घ्यावं लागेल. नवीन सही आणि फोटो लागतो. कॉलेजच्या वेळी काढलेल्या खात्यांत हे बऱ्याचदा राहून गेलेलं असतं.