पहिल्या तासाची पेंग आणि रिकामं पोट

पहिल्या तासाला मुलं पेंगतात याचा दोष बहुतेक जण रात्रीच्या मोबाइलला देतात. तो आहेच, पण आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला आधी भूक दिसते. आईवडील उजाडताच मजुरीला जातात, पोरं चहात बिस्किट बुडवून खातात आणि दप्तर उचलतात. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत, पण ताट समोर येतं मधल्या सुट्टीत. गणिताचा तास तोवर होऊन गेलेला असतो.

झोप पूर्ण व्हावी म्हणून २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते योग्यच. पण उशिरा उठून उपाशीच आलं तर काय उपयोग? तमिळनाडूने २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळी उपमा, पोंगल, खिचडी सुरू केली. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

आणि शिक्षकांना एक विनंती: "काय खाऊन आलास?" हे हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर विचारू नका. मूल लाजतं आणि "पोळीभाजी" म्हणून मोकळं होतं. बाजूला घेऊन विचारलं की खरं सांगतं.