लेआउट, मांडणी की देखावा? छोट्या जपानी रेल्वेसाठी मराठी शब्द

माजघर:
शब्द हवे आहेत. घरात ६०० बाय ९०० मिलिमीटरच्या प्लायवर एक छोटी जपानी रेल्वे उभी करते आहे. जागा तेवढीच आहे, आणि काम थांबलं की प्लाय दिवाणाखाली सरकवावा लागतो. विषय आहे एनोदेन. फुजिसावा ते कामाकुरा अशी १० किलोमीटर धावणारी, एकेरी मार्गाची गाडी. घरांच्या परसाला घासून जाते, समुद्राच्या कडेने जाते आणि एनोशिमा व कोशिगोए या स्थानकांच्या मध्ये चक्क भर रस्त्यातून जाते. गणपतीत सोसायटीतली मुलं बघायला येतील, म्हणून शेजारी मराठी फलक लावायचा आहे. पहिल्याच ओळीत अडले. 'लेआउट'ला काय म्हणायचं? कोशात 'आराखडा' मिळतो, पण आराखडा कागदावरचा. तो माझ्याकडे वेगळा आहेच. 'स्केल', 'गेज', 'पॉइंट', 'बॅलास्ट' यांनाही शब्द सुचवा. ओढूनताणून केलेले संस्कृत शब्द नकोत, मुलं पळून जातील.

खडीसाखर:
म्हणजे सिग्नलला 'अग्निरथगमनागमनदर्शक' वगैरे चालणार नाही तर. वाईट वाटलं.

'लेआउट'ला 'मांडणी' म्हणा की. सरळ आहे.

जुनी पाटी:
मांडणी म्हटलं की आमच्या पिढीला स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी दिसते, तरीही शब्द चांगला आहे. बाकीच्या शब्दांसाठी शोधाशोध कशाला? रेल्वेत आयुष्य गेलं, तिथले मराठी शब्द तयारच आहेत. पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, तिला सांधा म्हणतात. तो बदलणारा तो सांधेवाला. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला त्याला किती वर्षं झाली. बॅलास्ट म्हणजे खडी, विदर्भात गिट्टी. रुळांखालच्या आडव्या स्लीपरला जुनी माणसं सिलिपाट म्हणत. लेव्हल क्रॉसिंग म्हणजे फाटक, टनेल म्हणजे बोगदा. हे शब्द गँगमनच्या तोंडात घडलेले आहेत, समितीत नव्हेत.

माजघर:
काका, सांधा आणि खडी लगेच घेतले. एक शंका. माझ्या रुळांना खडी वेगळी टाकावी लागत नाही. तोमिक्स या जपानी कंपनीचे आहेत, रुळाखाली खडीचा बांध प्लास्टिकमध्ये ओतूनच येतो. त्या बांधासकट रुळाला काही शब्द?

जुनी पाटी:
खऱ्या रेल्वेत त्याला भराव म्हणतात, पण तो मातीचा. तुमच्यासाठी 'खडीसकट रूळ' पुरे. प्रत्येक वस्तूला एकशब्दी नाव असलंच पाहिजे असं कुठे आहे?

फलाट तीन:
उशिरा येतोय, पण 'मांडणी'वर सगळ्यांचं एवढ्यात एकमत होऊ नये असं वाटतं, कारण जपानी लोक इथे दोन वेगळ्या गोष्टी मानतात.

पहिलीला ते 'ओझाशिकी उन्तेन' म्हणतात. झाशिकी म्हणजे तातामी, म्हणजे गवती चटया, घातलेली बैठकीची खोली, उन्तेन म्हणजे गाडी चालवणं. सुटीच्या दिवशी खोलीभर रूळ जोडायचे, दुपारभर गाड्या फिरवायच्या, संध्याकाळी सगळं उचलून डब्यात. पक्कं काहीच नाही. तातामीचे धागे आणि धूळ इंजिनाच्या दातेरी चाकांत अडकू नये, यालाही खडीसकट रुळाचा उपयोग होतो, रूळ जमिनीपासून वर राहतो. कातो या दुसऱ्या कंपनीचे युनिट्रॅक आणि तोमिक्सचे रूळ असे पटकन जोडून पटकन सोडवण्यासारखेच आहेत. लहान मुलांचं प्लारेल, १९५९ पासूनचं, निळ्या रुळांचं, तेही याच वळणाचं. त्याच्या गोलाचा आकार जेवायच्या बुटक्या मेजावर, चाबुदाईवर, मावावा असा ठरवला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे फळीवर कायमची बसवलेली रेल्वे, डोंगर, घरं, झाडं यांसकट. तिला ते 'रेइआउतो' म्हणतात. म्हणजे लेआउटच. जपान्यांनीही शब्द उसना घेतला आणि वाच्यता केली नाही.

तेव्हा पहिलीला 'मांडणी' अगदी चपखल, कारण आपण खेळ मांडतो आणि खेळ मोडतो. माजघरताईंची रेल्वे दुसऱ्या जातीची आहे. तिला 'देखावा' म्हणावं. पुण्यात गणपतीत 'हलते देखावे' असतातच.

खडीसाखर:
'देखावा करणे' म्हणजे ढोंग करणे. मुलं विचारतील, मावशी, गाडी खरी चालते की नुसता देखावा?

फलाट तीन:
अर्थ क्रियापदावर ठरतो. 'देखावा केला' म्हणजे ढोंग, 'देखावा उभारला' म्हणजे मंडळाचा. फलकात 'करणे' टाळा, काम झालं. 'आरास' मात्र नको. आराशीत सजावट येते, जागा येत नाही. कोशिगोएचा रस्ता हा विशिष्ट रस्ता आहे, तो ओळखू यायला हवा.

माजघर:
'पट' कसा वाटतो? बुद्धिबळाचा पट, सारीपाट. पट मांडतात, पट उधळतात. दिवाणाखाली सरकवायची वस्तू आहे, सपाट आहे.

फलाट तीन:
ऐकायला छान आहे, पण फलकावर वाचणारा चित्रपट समजेल. 'रूळपट' तर माहितीपटासारखा वाटतो.

जुनी पाटी:
पट नको. देखावा मान्य, 'मांडणी' रुळांच्या जोडणीपुरती ठेवा. 'रुळांची मांडणी लंबगोल आहे' हे वाक्य कुणालाही कळेल.

एक कुतूहल. ६०० बाय ९०० हा आकार कुठून काढलात?

माजघर:
मी नाही काढला, जपानमध्ये छोट्या लेआउटसाठी हाच आकार रूढ आहे. तिथे प्लायची पाटी ९१० बाय १८२० मिलिमीटरची, म्हणजे तीन बाय सहा शाकू (शाकू म्हणजे जपानी फूट). एक तातामीही साधारण तेवढीच. तिचे आडवे तीन भाग केले की एकेक भाग जवळपास ६०० बाय ९००. आपल्याकडे आठ बाय चार फुटांची पाटी कापून घेतली.

फलाट तीन:
याहून लहानही करतात. तोमिक्सची सगळ्यात आवळ वळणं १०३, १४० आणि १७७ मिमी त्रिज्येची. १४०चं पूर्ण वर्तुळ म्हणजे २८० मिमी, वर खडीसकट रुळाची रुंदी १८.५, झाले २९८.५. ए-थ्री कागदाची रुंदी २९७. दीड मिलिमीटरने हुकतं! १०३ मात्र आरामात बसतं, फक्त त्यावरून ट्राम किंवा अगदी आखूड डबेच वळतात. २० मीटरचा नेहमीचा जपानी डबा १:१५० ला, म्हणजे दीडशे पट लहान केला की, १३३ मिमी होतो, तो तिथे रुळावरून उतरेल. एनोदेनचा डबा साधारण साडेबारा मीटरचा, म्हणजे ८३ मिमीच्या आसपास. एनोदेन छोट्या देखाव्यांची लाडकी आहे ती निव्वळ समुद्रामुळे नव्हे.

'शार्प कर्व्ह'ला मी 'आवळ वळण' लिहिलं. चालेल ना?

जुनी पाटी:
घाटात आम्ही 'तीव्र वळण' म्हणायचो. आवळ कपड्याला.

खडीसाखर:
मला आवळ आवडलं.

माजघर:
आता खरी अडचण, स्केल आणि गेज. हौशी लोक 'एन गेज' आणि 'एन स्केल' एकच असल्यासारखं बोलतात. फलकावर मी 'प्रमाण' आणि 'माप' लिहिणार होते.

फलाट तीन:
तेच बरोबर, आणि जपानी रेल्वेच्या बाबतीत तर हे दोन शब्द वेगळे ठेवलेच पाहिजेत. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एन गेजमध्ये ते ९ मिमी. स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान. युरोपात १:१६० आणि ९ मिमी यांची जोडी जुळते, कारण तिथली खरी रेल्वे १४३५ मिमी मापाची. भागून बघा, ८.९७ येतं.

जपानमध्ये १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा पहिली रेल्वे झाली ती १०६७ मिमी मापाची, आणि पुढे देशभर तेच माप पसरलं. तिथले डबेही युरोपच्या मानाने लहान. म्हणून कारखान्यांनी प्रमाण थोडं मोठं, १:१५० धरलं, रूळ मात्र ९ मिमीचेच ठेवले. १०६७ भागिले १५० म्हणजे ७.१. म्हणजे माजघरताईंचा रूळ हवा त्यापेक्षा पाव हिश्शाने रुंद आहे. गाडी समोरून बघितली की जरा पाय फाकून उभी असल्यासारखी दिसते. आणि १९६४ साली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली ती १४३५ मिमीवर, तिच्या प्रतिकृती १:१६० च्या. एकाच रुळावर दोन प्रमाणांच्या गाड्या! हे मराठीत सांगताना 'प्रमाण' आणि 'माप' एकमेकांत मिसळले की सगळं कोसळतं.

जुनी पाटी:
आमच्याकडे रुंदमापी आणि अरुंदमापी असे शब्द चालतातच. रुंदमापी म्हणजे १६७६ मिमी. त्याच धर्तीवर तुमच्या रुळाला 'नऊमापी' म्हणा.

फलाट तीन:
काका, सलाम. आणि गंमत म्हणजे एन हे अक्षर नवाच्या आकड्यावरूनच आलं. इंग्रजी नाइन, जर्मन नॉइन, फ्रेंच नफ. मराठी नऊही त्याच घरातला. फक्त जपानी भाषेत नऊला 'क्यू' म्हणतात, त्यांनाच तो एन पोरका.

खडीसाखर:
मग या नऊमापी रुळावर आपली रेल्वे का नाही? जपानच का?

फलाट तीन:
रुंदमापी बसवायची तर १६७६ भागिले ९, म्हणजे १:१८६. असं प्रमाण बाजारात नाही. पण यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला ७६२ मिमीची होती. १:८७ ला ती ८.७६ मिमी होते, म्हणजे नऊमापी रूळ तिला जवळपास बिनचूक बसतात. एनोदेनपेक्षा अधिक बिनचूक. डबे आणि इंजिन घरी करावे लागतील, एवढंच.

माजघर:
शकुंतला पुढच्या वेळी. एनोदेन घेतली कारण मला घरांच्या मागच्या बाजू करायला आवडतात. वाळत घातलेल्या गाद्या, सायकली, रस्त्याकडेची शीतपेयांची यंत्रं. रुळाच्या बाजूचं गवत मात्र दिवाळीच्या किल्ल्यासारखं रंगवलेल्या भुशाचं केलंय, बारीक चाळून. त्याला 'भुसा'च लिहिणार.

फलकाचा मसुदा देते, बघा:

'हा जपानमधल्या एनोदेन रेल्वेचा हलता देखावा आहे. प्रमाण १:१५०, म्हणजे खरी गाडी याच्या दीडशे पट लांब. रूळ नऊमापी आहेत: दोन रुळांमध्ये ९ मिलिमीटर अंतर. एनोदेन फुजिसावा ते कामाकुरा १० किलोमीटर धावते. कोशिगोएजवळ ती रस्त्यातल्या रूळावरून मोटारींबरोबर जाते. डावीकडे सांधा बघा, तो बदलला की गाडी फलाटावर येते. भुसा खाऊ नये.'

खडीसाखर:
शेवटचं वाक्य उत्तम. कोणासाठी आहे ते कळलं, आमच्याकडेही एक आहे.

फलाट तीन:
'हलता देखावा' म्हटल्यावर लोकांना वाटेल डोंगर हलतो. 'चालत्या गाडीचा देखावा' करा. बाकी ठीक.

जुनी पाटी:
'रूळावरून' नको, 'रुळावरून'. मूळ शब्दात ऊ दीर्घ, प्रत्यय लागला की र्‍हस्व. वरच्या ओळीत 'रुळांमध्ये' बरोबर लिहिलंय, मग इथे का घसरली गाडी?